योशीवाले काका

जपानमध्ये माझ्यावर पहिल्यांदा कुणी ओरडलं असेल, तर तो एक मराठी माणूस.

इथे सहसा कुणी ओरडत नाही. ट्रेनमध्ये फोनवर बोला, चुकीच्या दिवशी कचरा टाका, माणसं नुसती बघतात, आणि ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं. मी टोकियोतल्या ओजिमाच्या एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, पार्टटाइम लागून जेमतेम आठवडा झाला होता. नवरा सकाळी तोयोसुच्या ऑफिसात जायचा, लेक शाळेत, आणि मी काउंटरमागे उभी राहून ‘गरम करून देऊ का?’ हे एकच वाक्य जपानीत दिवसभर म्हणायचे. गिऱ्हाईक हो म्हणालं की डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा आणि आतल्या पिवळ्या उजेडाकडे बघत घंटी वाजायची वाट बघायची. दुसरं करणार तरी काय?

एका दुपारी मी अशीच टक लावून उभी होते आणि मागून आवाज आला, “अगं ए! तोंड फिरव तिकडे! डोळे काय जादा झालेत?”

सगळं दुकान थिजलं. मॅनेजरच्या हातातला पुठ्ठ्याचा खोका तसाच राहिला. काउंटरपुढे एक काटकुळे म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, कमरेला छोटी बॅग, हातात उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, भाताची मूद. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांनी मला पकडलं होतं.

“पाच पावलं मागे,” ते म्हणाले. “मशीन पळून जात नाही.”

“काका, दोन पावलांवर भिंत आहे.”

“मग पाठ कर.”

मी मुकाट्याने पाठ केली. त्या दिवसापासून काका दुकानात असले की मी पाठ करून उभी राहायचे, आणि पुढे पुढे ते नसले तरी. मॅनेजरला वाटलं हा आमच्या धर्मातला काही नियम असणार. त्याने बाकीच्यांना हळू आवाजात बजावून ठेवलं की हिला यावरून काही विचारू नका.

काका आमच्याच सोसायटीत, आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायचे. तरुणपणी पुण्याहून ओसाकाला आले, तिथे एका लहानशा कंपनीत जहाजांची रडार यंत्रं दुरुस्त करत, नंतर टोकियोत दुसरी नोकरी धरली आणि इथूनच निवृत्त झाले. काकू गेल्यापासून एकटे. रडारमध्ये ज्या लहरी असतात त्याच जातीच्या लहरी आपल्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असतात, ही माहिती मला त्यांच्याकडून पहिल्याच आठवड्यात तीनदा मिळाली. चौथ्यांदा त्यांनी अंडं आणलं.

हे अंड्याचं व्याख्यान ओजिमातल्या झाडून सगळ्या मराठी घरांनी ऐकलेलं आहे. काका कच्चं अंडं वाटीत फोडायचे. “हे बघ, कसं पारदर्शक आहे. तुझ्या डोळ्यातलं भिंग असंच. आता हाताला चटका बसला तर रक्त धावत येतं, उष्णता वाहून नेतं. भिंगात रक्तच नाही! ते बिचारं तापतं आणि तापतच राहतं. आणि मग?” मग ते वाटी गॅसवर ठेवायचे, पारदर्शक भाग दुधासारखा पांढरा होईपर्यंत सगळ्यांना उभं करायचे, आणि विजयी मुद्रेने म्हणायचे, “आता हे कच्चं करून दाखव!”

माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, “काका, पण घरच्या मायक्रोवेव्हला दार असतं, जाळी असते. लहरी बाहेर येतातच कुठे?”

“येत नाहीत,” काका शांतपणे म्हणाले. “दार नीट असेल तर येत नाहीत. तू पाहिलंस का ते दार नीट आहे की नाही?”

दार नीट आहे की नाही हे कोण बघतं? काका बघायचे. त्यांच्याकडे एक पिवळं मीटर होतं, साबणाच्या वडीएवढं. ते घेऊन ते वर्षातून एकदा घरोघर जायचे. मायक्रोवेव्हमध्ये पेलाभर पाणी ठेवायला सांगायचे, दाराच्या कडेकडेने मीटर फिरवायचे, आणि काटा हलला नाही की त्यांचा चेहरा पडायचा. खोटं कशाला बोलू, आम्हालाच वाईट वाटायचं. चहा देताना मी एकदा म्हटलं होतं, “काका, पुढच्या वर्षी नक्की गळेल हं.”

एकदा मात्र काटा हलला. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात मायक्रोवेव्हच्या दाराची बिजागरी तुटलेली, ती घरच्यांनी चिकटपट्टीने बांधली होती. काकांना कोण आनंद! त्यांनी जागच्या जागी प्लग काढला, मोठ्या कचऱ्याच्या गाडीची वेळ ठरवली, त्यासाठी लागणारं स्टिकर आणून डकवलं आणि यंत्र स्वतः खाली नेलं. ते घर पंधरा दिवस गार भात खात होतं.

आणि गणपतीचा तो दिवस! सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या बायकांनी मोदक गरम करायला रांग लावलेली, आणि काका मायक्रोवेव्हपुढे हात पसरून उभे. “पाच पावलं मागे! लहान मुलं दहा!” शेवटी गार मोदकांचा नैवेद्य दाखवला. माझी लेक जपानीत पुटपुटली, “गणपतीचेपण डोळे जातील का?” काकांना जपानी आमच्यापेक्षा चांगलं येत होतं, हे ती विसरली. “त्याला मी आधीच मागे सरकवलाय,” काका म्हणाले. पाहिलं तर खरंच, मूर्ती भिंतीला टेकवलेली.

पण काकांना जे नाव पडलं होतं ते मायक्रोवेव्हवरून नव्हे, ‘योशी’वरून. जपानी कारखान्यांत आणि रेल्वेत ही कामाची एक रीतच आहे. फलाटावरचा गार्ड दाराकडे बोट करतो, सिग्नलकडे बोट करतो आणि मोठ्याने म्हणतो, “योशी!” म्हणजे पाहिलं, ठीक आहे. डोळे, बोट आणि तोंड तिन्ही एकाच कामाला जुंपले की चूक होत नाही, असा त्यामागचा विचार. काकांनी ही रीत घरी आणली होती. गॅस बंद, योशी! कुलूप, योशी! वरणात मीठ, योशी! आमच्याकडे जेवायला आले की माझ्या लेकीच्या दप्तराच्या चेनकडेसुद्धा बोट करून योशी. सगळी सोसायटी त्यांना योशीवाले काका म्हणायची. आम्ही त्यांच्या पाठीमागे नकला करायचो, आणि मग मला कळलं की घरातून निघताना मी स्वतः गॅसकडे बोट दाखवतेय.

त्यांना दिसेनासं होत चाललंय हे मला मुदीवरून समजलं.

काका पक्के शाकाहारी. गेली चार वर्षं मी बघत होते, मूद घेणार ती उमेबोशीचीच. एका दिवशी त्यांनी काउंटरवर मासा घातलेली ठेवली. मी काही बोलले नाही, आत जाऊन उमेबोशीची आणली आणि पिशवीत घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा मासा. मी पुन्हा बदलली. तिसऱ्या वेळी पिशवी घेताना ते म्हणाले, “बदललीस ना?”

“हो.”

“बरं.” एवढंच. पण त्या दिवशी ते दाराला न म्हणता गेले. म्हणजे योशी.

मग माझ्या बाकीच्या गोष्टी लक्षात यायला लागल्या. पायात दोन वेगळे मोजे. प्लॅस्टिकच्या दिवशी त्यांचा ओला कचरा खाली, आणि त्यावर सोसायटीची लाल चिठ्ठी. मी सरळ वर गेले आणि म्हटलं, “काका, डोळे दाखवलेत का?”

“दाखवलेत. मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे.”

“मग ऑपरेशन?”

“करणार नाही. डॉक्टर मूर्ख आहे.”

एका नव्हे, तीन दवाखान्यांतले तीन डॉक्टर मूर्ख निघाले होते. कारण तिघांनीही सांगितलं होतं की हा वयाचा मोतीबिंदू आहे, चारचौघांना होतो तसा. काकांचं म्हणणं, मी उभी हयात रडारपुढे काढली, हा मायक्रोवेव्हचाच आहे, तसं कागदावर लिहा, मग ऑपरेशन करा. चौथ्या दवाखान्यात मी बरोबर गेले. तिथली डॉक्टरीण तरुण, गोड, प्रत्येक वाक्याला मान लववणारी. तिने काकांचं सगळं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा डोळ्यांत दिवा टाकून नीट पाहिलं, आणि म्हणाली, वयाच्या मानाने अगदी छान आहे, काळजी करू नका, मात्र उशीर नको.

काका बाहेर येऊन जे तापले! “छान म्हणाली! माझ्या मोतीबिंदूला छान!”

“अहो काका, दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. वयाचाच आहे, बरा होणार आहे. तुम्हाला तो मायक्रोवेव्हचाच कशाला हवाय?”

त्यावर ते टोपी घालून चालायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हेका. इतकी वर्षं लोकांच्या घरी अंडी फोडली, आता आपलाच डोळा आपल्या बाजूने साक्ष देईना, म्हणून राग. मी घरी येऊन नवऱ्याला हे रंगवून सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

थंडी संपत आली होती. मी दुकानातून सुटले, काका मूद घेऊन बरोबर निघाले. चौकात सिग्नलला थांबलो. मी फोनमध्ये लेकीच्या शाळेचा निरोप वाचत होते. शेजारून नेहमीचा खणखणीत आवाज आला, “योशी!” आणि मी मान वर न करता पाऊल टाकलं.

हॉर्न एवढा जवळून वाजला की मला तो पोटात जाणवला. ट्रक माझ्या पिशवीला घासून गेला. पिशवी फाटली, दुधाचा खोका रस्त्यावर. मी कशी मागे आले मला माहीत नाही, बहुतेक मागच्या जपानी बाईने माझी कॉलर ओढली. समोर सिग्नल लालभडक होता. काकांचं बोट अजून त्याच्याकडे रोखलेलं.

मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी त्यांच्यावर ओरडले. भर चौकात, मराठीत. “दिसत नाही तर म्हणता कशाला? मी तुमच्या भरवशावर पाऊल टाकलं ना!”

काकांचे ओठ पांढरे पडले. ते तिथल्या बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी शेजारी बसले. ते म्हणाले, “दुसऱ्यांदा.”

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे काकूंनाही सांगितलेलं नव्हतं.

ओसाकाच्या कंपनीत त्यांचा एक भिडू होता. जपानी, वयाने त्यांच्याएवढाच. दोघं जोडीने काम करायचे, एकजण तपासून योशी म्हणायचा, दुसरा हात घालायचा. तीसेक वर्षांपूर्वी एक रडार दुरुस्तीला आलं. लहरी वाहून नेणारी धातूची नळी उघडी केलेली, आत गंज आहे का ते बघायचं होतं. काकांचं काम यंत्र बंद असल्याची खात्री करायचं. “दिवसातून दोनशे वेळा म्हणायचो गं. बोट गेलं, तोंडातून योशी गेलं, डोळे मात्र गेलेच नाहीत. यंत्र चालू होतं.” भिडूने नळीच्या तोंडाला डोळा लावला. मिनिटभर. मग म्हणाला, डोळ्यात ऊब आल्यासारखं वाटतंय. तेव्हा काकांनी स्विचकडे पाहिलं.

काही महिन्यांनी त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण पूर्वीची नजर आली नाही. बारीक कामात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, त्याला कंपनीने गोदामात बसवलं. अपघाताच्या अहवालात त्याने स्वतःच लिहिलं, माझा हलगर्जीपणा. साक्षीदार म्हणून खाली काकांनी सही केली.

“मी सही केली,” काका म्हणाले. “आणि वर्षभरात तिथून पळालो. दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड येतं. मीही पाठवतो. भेटायला गेलो नाही.”

मला आता कळलं की ते चार दवाखाने का हिंडले. त्यांना वाटत होतं, आपल्यालाही तेच होईल. झालं की बरोबरी होईल. आणि डॉक्टर म्हणत होते, तुम्हाला काहीच झालेलं नाही, तुम्ही फक्त म्हातारे झालात.

मी त्यांची समजूत काढायला गेले नाही. मला अजून राग होता. मी म्हटलं, “काका, त्याच्या डोळ्याचं मला माहीत नाही. माझ्या जिवाचं सांगते. ऑपरेशन करून घ्या. नाहीतर यापुढे योशी म्हणू नका.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळ घेतली. पण योशी म्हणणं त्यांनी त्या चौकातच सोडलं होतं. ऑपरेशनपर्यंतचे दिवस ते घराला कुलूप लावून नुसते उभे राहायचे आणि मग दहा वेळा ओढून बघायचे. मला मेलं ते बघवत नसे.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पंधरवड्याच्या अंतराने झाली. थेंब घालायला मी जायचे. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “अगं, तुझे केस पिकलेत की! मी तुला उगीच तरुण समजून ओरडत होतो.” मग घरभर फिरून धूळ बघितली आणि ओशाळले. मग टेबलाच्या खणातून त्या वर्षीचं नव्या वर्षाचं कार्ड काढलं. जानेवारीत आलेलं, वाचता न आलेलं, आणि कुणाला वाचायला न दिलेलं. वाचून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. भिडूने लिहिलं होतं की त्याच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही मोतीबिंदू झाला, वयाचा. ऑपरेशन नीट झालं. आता तरी ये, मला तू बरा दिसशील.

डॉक्टरीणबाईंनी ओझं उचलायला मनाई केली होती, म्हणून बॅग धरायला मी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, बरोबर गेले, असं सांगायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. खरं म्हणजे ते एकटे गेलेच नसते. ओसाकाला भिडू स्टेशनच्या दाराशीच उभा होता. गोल चेहरा, हसरा, एका डोळ्याने किंचित तिरपा बघणारा. त्याने आम्हाला जवळच्या नूडलच्या दुकानात नेलं. वाडगे आले. काकांनी चॉपस्टिकला हातही लावला नाही. टेबलावर कपाळ टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, “त्या दिवशी मी न बघता योशी म्हणालो होतो. माझ्या योशीवर विश्वास ठेवून तू डोळा लावलास.”

भिडूने एका दमात, ओसाकाच्या ठसक्यात, एवढं लांबलचक सांगितलं की माझ्या बेताच्या जपानीला ते निम्मंच झेपलं. पण निम्मंही पुरे होतं. तो म्हणाला, तुझ्या योशीवर विश्वास? कुणाचा? तू डबा उघडलास तरी योशी म्हणायचास. शिंकलास तरी म्हणायचास. अख्ख्या वर्कशॉपात तुझ्या योशीवर कुणी कधी विश्वास ठेवला नाही. मला जेवायला जायची घाई होती, मी आपला डोळा लावला. अहवालात खरं तेच लिहिलं. तू काय तीस वर्षं हे घेऊन बसलास? नूडल थंड होतायत, खा.

काका वर बघेनात. त्यांचे खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते मला कळलं नाही, आणि भिडू त्यांच्या वाडग्यात आपल्या वाडग्यातले तळलेल्या तोफूचे तुकडे टाकत होता, एकामागून एक.

परतीच्या गाडीत ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “खोटं बोलला लेकाचा.”

“कशावरून?”

“खरं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं. तो कधी एवढं बोलत नाही.” त्यांनी डोळे पुसले, डॉक्टरिणीने सांगितलं होतं तसे, हलकेच, कडेने. “पण शिंकलो तरी म्हणायचो, हे काही खरं नाही हं. एकदा म्हणालो असेन.”

ओजिमाला उतरलो. त्याच चौकात, त्याच सिग्नलला थांबलो. फोन माझ्या पिशवीत होता. दिवा हिरवा झाला, मी काकांकडे पाहिलं, ते समोर बघत गप्प उभे. शेजारची माणसं ओलांडून गेली. दिवा लाल झाला. पुन्हा हिरवा झाला, आम्ही तसेच.

“काका, म्हणा ना.”

“आधी तू बघ,” ते म्हणाले.

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सिग्नल पाहिला. “पाहिलं.”

मग त्यांनी त्या नव्या डोळ्यांनी सिग्नलकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं हाही हिरवा जातो. आणि बोट वर केलं.

“योशी,” काका हळूच म्हणाले, आणि आम्ही रस्ता ओलांडला.